चोरस्विच

१

जुनी गाडी चालू होत नसेल तर तिला तीनच प्रश्न विचारायचे असतात. पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, आणि हवा नीट ओढतेय का. दहिवलीच्या झहीर मेकॅनिकचं सगळं शहाणपण या तीन प्रश्नांत मावत होतं आणि त्यावर त्याचं घर चालत होतं. नव्या गाड्या त्याच्या पत्र्याच्या गॅरेजकडे बघतसुद्धा नसत. यायच्या त्या भाजीच्या जीपा, दुधाचे टेंपो, आणि म्हाताऱ्या माणसांनी हट्टाने जपलेल्या म्हाताऱ्या मोटारी.

यंदा भातकापणी उरकली आणि त्याही यायच्या थांबल्या. पोशीरचे कोंडाजी आबा गेले होते. त्यांच्या मुलाने, कमलेशने, दहाव्याला जमलेल्या माणसांत सांगितलं की आबांना दवाखान्यात न्यायला गाडीत घातलं, सेल्फ मारून मारून बोटं दुखली, पण गाडी लागली नाही. थोड्याच दिवसांपूर्वी झहीरभाईने गाडीचं काम केलं होतं, एवढंच तो पुढे म्हणाला. दोष दिला नाही. हुशार माणसाला दोष द्यावा लागत नाही. दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून दिली की उरलेलं काम गाव करतं.

आणि गावाने ते मनापासून केलं. झहीरने हात लावला आणि म्हातारा गाडीतच गेला, असं नेरळपासून कर्जतपर्यंत झालं. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? झहीरला लोकांचं बोलणं सोसवत होतं. सोसवत नव्हती ती एकच शंका, की हे खरं असलं तर? कार्बोरेटरचा एखादा स्क्रू सैल राहिला असेल, एखादी वायर नीट बसली नसेल. ते काम तो रोज मनात पहिल्यापासून करून बघायचा आणि रोज ते चोख निघायचं. मनातलं काम चोखच असतं, त्याला काय लागतं.

अशात आबांच्या बायकोने, सोनुबाईने, टेंपोवाल्या नवनाथबरोबर निरोप धाडला. शिळफाट्याचा भंगारवाला उद्या गाडी न्यायला येणार आहे, त्याआधी ये आणि गाडीला काय झालं होतं ते मला सांगून जा.

"जाऊ नका," शकिला म्हणाली. "काही निघालं तर तुमच्या माथी मारतील. नाही निघालं तरी तुमच्याच."

बायको बरोबर बोलत होती. झहीरने पान्यांची पिशवी स्कूटरला अडकवली, भरलेली बॅटरी पायांत ठेवली आणि निघाला.

२

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खळ्यात पेंढ्याची उडवी रचलेली होती. पलीकडे शेताच्या कडेने सिमेंटच्या नव्या खांबांची रांग उभी होती, लाल पट्टे मारलेली. आबा असते तर त्यातला एक खांब उभा राहिला नसता. शेत विकत मागायला आलेल्या बंगलेवाल्यांना त्यांनी अंगणातूनच वाटेला लावलं होतं, पाणीसुद्धा न विचारता. त्यांच्यामागे सुतक फिटतंय न फिटतंय तोच खांब आले होते. झहीरने ते बघितलं आणि आपल्याला काय करायचंय म्हणून पुढे गेला.

गाडी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. पांढरी, चौकोनी, चोक ओढून चालू करायची. पुढची डावी सीट आबांनी कधीच उपटून टाकली होती. तिथे पेंडीची पोती बसायची, भाताचं बियाणं बसायचं, एकदा तर नेरळच्या बाजारातून वासरू बसून आलं होतं. माणसांनी मागे बसायचं, "सायबावानी", असं आबा म्हणायचे.

दारं बंद होती, काचा वर होत्या. फक्त मागच्या डाव्या काचेवर वाफ धरली होती. झहीरने बोट फिरवलं. पुसली गेली नाही, कारण ती आतून होती. ताटलीएवढा डाग, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. बाकी तिन्ही काचा कोरड्या आणि धुळकट होत्या.

पेंढ्याची ओल असेल, तो स्वतःला म्हणाला. ओल एकाच काचेला कशी धरते, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

त्याने पुढचं दार उघडलं आणि सगळ्यात आधी हात डॅशबोर्डच्या खाली घातला. तिथे, ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याजवळ, एक चोरस्विच होता. नेरळ स्टेशनबाहेरून गाड्या चोरीला जायला लागल्या तेव्हा आबांच्या सांगण्यावरून झहीरनेच तो बसवला होता. खटका बंद केला की करंट तुटतो. चोराने कितीही चावी फिरवली तरी सेल्फ फिरतो, गाडी लागत नाही. "घरात पण सांगू नको रं," आबा म्हणाले होते. "पोराच्या हातात गाडी गेली की माझा बाजार चुकतो." आबा आणि आपण सोडून तो खटका कुणाला ठाऊक नाही, असं झहीर धरून होता.

दहिवलीहून येताना झहीर सारखं एकच मागणं मागत आला होता, की खटका बंद निघू दे. तो बंद निघाला की सगळं सुटलं. आबांनीच बंद केलेला, झटका आल्यावर जीभ वळली नाही, मुलाला माहीत नव्हतं. वाईट होतं, पण त्यात कुणाचा दोष नव्हता.

त्याच्या बोटांना खटका लागला. तो चालू होता.

३

"कशाला त्रास घेता झहीरभाई?" कमलेश ओटीवरून उतरत म्हणाला. तो रोज ठाण्याला नोकरीला जायचा, आज सुट्टी काढून थांबला होता. "उद्या जायचीच हाय ती. भंगाराला काय विचारायचं, तू का नाय लागलीस?"

"काकींनी बोलावलं," झहीर म्हणाला. "जरा आत बस. मी सांगीन तसा सेल्फ मार."

सोनुबाई ओटीच्या खांबाला टेकून बघत होती, म्हणून कमलेश बसला.

बॉनेट वर केलं की पुढची काच झाकली जाते. आत कोण बसलंय ते मेकॅनिकला दिसत नाही. तो नुसता सांगतो, मार, आणि मग, बस. आतला माणूस चावी फिरवतो आणि सोडतो. झहीरने जन्मभर असंच काम केलं होतं, न दिसणाऱ्या माणसाच्या भरवशावर.

आणलेली बॅटरी जोडून त्याने पेट्रोलचा पाइप सैल केला. "मार." पेट्रोलची पिचकारी आली. प्लग काढून इंजिनाला टेकवून धरला. "मार." निळी ठिणगी टकटक उडाली. "बस." हवेचा फिल्टर त्याचा त्यानेच धुतलेला, अजून साफ होता. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली होती. गाडीला न लागायचा काही अधिकार उरला नव्हता.

त्याने सगळं परत जोडलं. "मार."

खर्र खर्र खर्र. सेल्फ फिरत राहिला. इंजिन उचललं नाही.

त्याने प्लग पुन्हा काढून धरला. "मार." सेल्फ फिरला. ठिणगी नव्हती. आत्ता होती आणि आत्ता नव्हती.

गुडघा लागला असेल कमलेशचा, त्याला वाटलं. तो वळसा घालून दाराशी गेला. सीट रिकामी होती, चावी जुडग्यासकट हलत होती. कमलेश उतरून गेला वाटतं. झहीरने हात खाली घातला. खटका बंद होता. त्याने तो वर केला, टक् असा आवाज आला, आणि परत पुढे येऊन तो वाकला. कमलेश येऊन बसला असेल असं धरून चालला.

"मार," तो म्हणाला. सेल्फ फिरला. खर्र खर्र खर्र.

आणि त्या आवाजात त्याला पाठीमागून, विहिरीच्या बाजूने, कमलेशचं बोलणं ऐकू आलं. तो फोनवर होता. खांब वाकडे बसलेत, परत काढायला लागतील, असं कुणाला तरी सांगत होता.

सेल्फ फिरतच होता. झहीर बॉनेटखाली वाकलेला तसाच राहिला. "बस," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला, शेजारच्या माणसालाही त्या खडखडाटात ऐकू गेलं नसतं.

सेल्फ थांबला.

४

सेल्फ चिकटतो. आत पत्रा चिकटून बसला की चावीशिवायही फिरतो, झहीरने अशा डझनभर गाड्या बघितल्या होत्या. तो ओटीच्या पायरीवर बसून हेच मनाशी घोकत होता. चिकटलेला सेल्फ "बस" म्हटल्यावर कसा थांबतो, हा प्रश्न त्याने पान्यांबरोबर पिशवीत टाकला. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. एवढी बॅटरी उचलली, येणारच. खटका त्याने पुन्हा जाऊन बघितला होता. पुन्हा बंद होता.

"कमलेश," तो म्हणाला, "गाडीला एक चोरस्विच हाय. तुला ठाऊक होता का रं?"

कमलेशने फोनमधून मान वर केली. "कसला स्विच?" त्याने सरळ झहीरच्या डोळ्यांत बघितलं. "मला कशाला सांगतील आबा? गाडीची चावीपण उशाखाली घेऊन झोपायचे. मी पोटचा पोर, का चोर, तेच त्यांचं ठरत नव्हतं." तो हसला आणि परत विहिरीकडे गेला.

हसण्यात खोट नव्हती. झहीरला स्वतःचीच लाज वाटली. माणसाचा बाप गेलाय आणि आपण काय विचारतोय.

सोनुबाईने चहा आणून ठेवला आणि शेजारी बसली. "काय झालंय रं तिला?"

"अजून कळत नाय, काकी. त्या दिवशी काय झालं ते सांगशील?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "खळ्यात पडले. त्वांड वाकडं झालं, उजवा हात-पाय गेला, बोलता येईना. कमलेशनं आन् मी उचलून गाडीत घातलं, माघं, डाव्या अंगाला. मी त्यांच्याजवळ बसत होते तं कमलेश म्हनला, आई, तू दवाखान्याचं कार्ड आन, पानी आन, आन् नवनाथला हाक मार, गाडी नाय लागली तं टेंपो लागंल. मी घरात धावले. कार्ड काय गावंना."

"आणि गाडी?"

"एकदा लागल्यावानी वाटली रं. भुर्र केलं. मी देवाला हात जोडले. मंग परत खर्र खर्र, खर्र खर्र. सगल्या आलीला ऐकू गेलं. मी परत आले तं ते डाव्या हातानं सीट बडवत व्हते. म्हनलं, काय पायजे? माझ्याकडं बघंनात. आरशात बघत व्हते. तो पुढचा आरसा हाय ना, त्याच्यात. जाईपर्यंत नजर हलली नाय. आरशात काय व्हतं रं, झहीर?"

झहीरने कप उचलला. बोटांत तो नीट धरवेना, म्हणून डाव्या हाताने प्यायला. एकदा लागल्यावानी वाटली, हे शब्द मात्र त्याच्या डोक्यात रुतून बसले. लागली होती म्हणजे काम चोख होतं. लागलेली गाडी बंद कशी पडली?

"आता मीच आत बसून बघतो," तो उठत म्हणाला.

५

ड्रायव्हरच्या जागी बसलं की तो खटका दिसत नाही, गुडघ्याआड जातो. पुढची डावी सीट नव्हतीच. खटक्यावर नजर ठेवायची तर जागा एकच होती. झहीरने खटका चालू केला, मागचं डावं दार उघडलं आणि आत बसला.

आत पेंडीचा वास होता आणि आबांच्या तंबाखूचा. रेक्झिनला खड्डा पडलेला होता, तो त्यात नीट बसला. दार आपसूक लागलं. इथून सगळं स्वच्छ दिसत होतं. स्टिअरिंग, चावी, खटक्याचं पितळी टोक. वर केलेल्या बॉनेटने पुढची काच काळी केली होती. डावीकडच्या काचेवरचा वाफेचा डाग त्याच्या तोंडासमोर होता. तो श्वास सोडी तेव्हा डाग थोडा पसरे.

बाहेर विहिरीवर कमलेश बोलत होता. शब्द न् शब्द ऐकू येत होता. परवा मोजणीवाला येतोय, आई सही करेल, आता अडवायला कोण आहे. तो आवाज तिथलाच होता, विहिरीवरचा. झहीरने ते नीट पारखून घेतलं, कारण पुढे जे झालं त्यात त्याला त्याचा आधार लागणार होता.

चावी फिरली.

इंजिन लागलं. पहिल्या झटक्यात, भुर्र करून, तो स्वतः कान लावून बसवायचा तसं गोड. सीट थरथरली. झहीरचा जीव भरून आला. माझं काम बरोबर होतं, त्याला वाटलं, आणि ते त्याला सगळ्यात आधी वाटलं, भीतीच्याही आधी.

मग त्याने वर आरशात बघितलं.

आरशात डोळे होते. दोन डोळे आणि भुवया, एवढंच मावत होतं. आबांचे नव्हते. आबांचे असते तर झहीरने सलाम केला असता आणि रडला असता. ते डोळे तरुण होते, आत्ता पायरीवर सरळ त्याच्या डोळ्यांत बघून गेलेले. त्यांत राग नव्हता, घाई नव्हती. भात शिजलाय का म्हणून झाकण उचलून बघणाऱ्या माणसासारखे ते त्याच्याकडे बघत होते. आणि खाली, गुडघ्याजवळ, एक डावा हात अंधारात शिरला. त्याला शोधावं लागलं नाही. जागा ठाऊक असलेला हात होता.

टक्.

इंजिन बंद पडलं. आणि मग चावी पुन्हा फिरली, खर्र खर्र, खर्र खर्र, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

विहिरीवर कमलेश फोनवर हसत होता.

६

"गावलं का रं?"

सोनुबाई काचेशी वाकली होती. सेल्फ थांबला होता, पुढची सीट रिकामी होती. किती वेळ गेला ते झहीरला कळलं नाही. तिला सांगायचं होतं, एवढंच त्याला कळत होतं. गाडीला काही झालं नव्हतं, काकी. गाडी लागली होती. त्याने तोंड उघडलं. जीभ जागची हलली नाही. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून होता.

सोनुबाईने दार उघडून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिने हे तोंड आधी बघितलं होतं. "कमलेश," ती ओरडली, "अरं ये, याला पन तसंच झालंय."

कमलेश धावत आला. खरंच धावत आला, कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं की पोरगा गुणाचा आहे. त्याने झहीरला सीटवर सरळ केलं, दार लावलं, बॉनेट पाडलं. उजेड एकदम आत आला. "घाबरू नका झहीरभाई, कर्जतला नेतो. आई, तू पानी आन. शकिलाभाभींचा नंबर माझ्याकडं नाय, नवनाथकडं असंल, त्याला हाक मार. ही नाय लागली तं टेंपो लागंल."

झहीरने डावा हात उचलून तिचा पदर धरायला बघितलं. बोटांत काठ आला आणि सुटला. ती धावत गेली. झहीरने तिचे पाय उंबऱ्याआड जाताना पाहिले.

कमलेश पुढे बसला. दार ओढून घेतलं. मग त्याने आरसा किंचित खाली वळवला आणि त्यात बघितलं.

त्याने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काही क्षण ते तसंच चालू राहिलं, आणि आत घरात सोनुबाई म्हणाली, "लागली गं बाय."

"काम तुमचं चोखच व्हतं, झहीरभाई," कमलेश आरशातून म्हणाला. "तेव्हापन पहिल्याच चावीला लागली व्हती."

हे ऐकायला झहीर कित्येक दिवस तळमळला होता. आता ते त्याला मिळालं होतं, आणि ऐकायला गाडीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. तो डाव्या हाताने सीट बडवू लागला.

कमलेशचा हात खाली गेला.